सरांचा ताळा

दसऱ्याच्या सकाळी माधवराव सरांनी देवघरापुढं पूजेत ठेवलेला पेनड्राइव्ह उचलला, कपाळाला लावला आणि कॉम्प्युटरला खोचला. काहीच झालं नाही. एरवी खोचल्याबरोबर पडद्यावर त्याचं चित्र उमटायचं, बुडाशी निळा दिवा लुकलुकायचा. आज ना चित्र, ना दिवा. सरांनी तो काढला, पुन्हा खोचला, दुसऱ्या भोकात खोचला, उलटा खोचून बघितला. उलटा तो जातच नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण माणूस बेजार झाला की ठाऊक असलेलंही करून बघतो.

बारा वाजता नांदेडहून मन्मथ येणार होता. मन्मथ सरांचा जुना विद्यार्थी, आता छापखान्याचा मालक. सरांचं गणिताचं पुस्तक दसऱ्याच्याच दिवशी छपाईला घ्यायचं असा त्याचा हट्ट, म्हणून पेनड्राइव्ह न्यायला तो स्वतः लातूरला निघाला होता.

या पुस्तकाची गोष्ट सांगितल्याशिवाय सरांचा घाम कळायचा नाही. वीस वर्षांपूर्वी सर तेरणा नदीच्या काठावरच्या एका गावात मास्तर होते. भूकंपानंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. पुस्तकं सगळी मातीखाली, म्हणून सर उदाहरणं मनानं रचायचे आणि एका वहीत लिहून ठेवायचे. उदाहरणात कुणी आंबे आणायचं, कुणी विहीर खणायचं. त्यांना नावं लागायची. सर नावं द्यायचे ती हजेरीपटावरून खोडावी लागलेल्या मुलांची. अकरा मुलं होती. हजेरीला ती ओ देत नव्हती, तर गणितात तरी त्यांना कामाला लावू, असं त्या मास्तराच्या मनानं घेतलं. पुढं बदली होऊन सर लातुरात आले, निवृत्तीनंतर कोचिंगच्या गल्लीत शिकवू लागले, आणि डॉक्टर-इंजिनीअर व्हायला आलेल्या हजारो पोरांनी बजरंगचे आंबे वाटले, श्रीमंतची विहीर खणली. बजरंग कोण, हे एकानंही विचारलं नाही. परीक्षेला ते येत नाही ना!

वही वाळवीनं पोखरली तेव्हा सरांनी दोन बोटांनी अकराशे उदाहरणं टाइप केली. कॉम्प्युटरवर त्यांचा भरवसा नव्हता, तो आधी एकदा बसला होता. म्हणून सगळं थेट पेनड्राइव्हमध्ये. मग पंधरा दिवसांपूर्वी, भूकंपाला वीस वर्षं पुरी झाली त्या दिवशी, जीर्ण पोथी सोडतात तशी ती वही त्यांनी तेरणेत सोडली. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई म्हणाल्या होत्या, "राहू द्या की कपाटात, काय भाकर मागायलीय का?" सर म्हणाले, "आता सगळी पोरं पेनड्राइव्हमध्ये आहेत. पक्क्या जागी."

आणि ती पक्की जागा आज ओ देत नव्हती.

"अहो, मी काय म्हणते," चंद्रप्रभाबाई आंब्याच्या पानांचं तोरण हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"तू थांब गं. हे टेक्निकल आहे."

एवढ्यात शेजारचे व्यंकटराव झेंडूची चार फुलं मागायला आले. तहसीलमधून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या घरात काय अडलंय याचा वास त्यांना रस्त्यावरूनच लागतो. सरांचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा, ते फुकट मिळतं; व्यंकटरावांचा विकतच्या विंडोजवर. सरांची मुलगी मनस्विनी हैदराबादला नोकरीला, तिनं ते बसवून दिलं होतं. तेव्हापासून कॉलनीत कुणाच्याही कॉम्प्युटरला व्हायरस लागला की सर मिशीतल्या मिशीत हसायचे. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटणारी ती खिडकी तर त्यांना फारच आवडायची. त्यांना तो फळाच वाटे.

"म्हटलं नव्हतं का सर? फुकटातली चीज हाय ती," व्यंकटराव खुर्ची ओढून बसले. "चला माझ्याकडं. विंडोजला लावा, दोन मिनटात दिसतंय का न्हाई बघा."

नाइलाजानं सर गेले. व्यंकटरावांनी ऐटीत पेनड्राइव्ह खोचला. टिंग करून आवाज झाला आणि कोपऱ्यात पाटी आली, हे उपकरण ओळखता येत नाही.

"बघा!" सरांनी टाळी वाजवली. "तुमच्याही विंडोजला ओळखेना! आमचं लिनक्स निर्दोष सुटलं!"

"हाव, सुटलं," व्यंकटराव म्हणाले. "पर मंग सर, ह्यात खुशीचं काय हाय?"

सरांचे टाळीचे हात तसेच राहिले. दोष लिनक्सचा नाही, विंडोजचा नाही, म्हणजे पेनड्राइव्हच गेला. जन्मभर मुलांना एकेक शक्यता खोडायला शिकवलेल्या माणसाला ही शेवटची शक्यता आत्ता दिसली. ते घरी येऊन खुर्चीत बसले तेव्हा घड्याळात दहा वाजून गेले होते.

"अहो, मी काय म्हणते," चंद्रप्रभाबाईंनी पुन्हा तोंड उघडलं.

"थांब म्हटलं ना! मनूला फोन लावू दे."

मनस्विनीनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, दुसरी प्रत कुठं आहे?"

सरांनी पेनड्राइव्ह पुन्हा एकदा खोचून बघितला.

"बाबा? क्लासात पोरांना काय सांगायचात?"

उत्तर आलं म्हणून उड्या मारू नका, ताळा करून बघा, असं सर सांगायचे. कोचिंगच्या गल्लीत त्यांना ताळा सर म्हणूनच ओळखत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांना एकदम ती वही आठवली, पाण्यावर पसरून हळूहळू भिजत गेलेली. एकदा गेलेली पोरं आपण आपल्या हातानं पुन्हा घालवली, असं त्यांना वाटलं.

"बरं राहू द्या," मनूचा आवाज मऊ झाला. "तो काढा, परत लावा. आता तुमची काळी खिडकी उघडा. त्यात डी, एम, ई, एस, जी एवढं टाका. कॉम्प्युटरच्या मनात काय चाललंय ते तो लिहून ठेवतो. शेवटच्या ओळी वाचा."

सरांनी चष्मा सारखा करत वाचल्या.

"म्हणजे बघा, कॉम्प्युटरला कळतंय की काहीतरी लागलंय. तो त्याला नंबर देतोय, पेनड्राइव्ह तो घेत नाहीये. आणि शेवटी काय लिहिलंय?"

"वायर खराब आहे का बघा म्हणतोय. पण याला वायर आहे कुठं?"

"वायर नाही, पण तोंड आहे ना! तोंडात काहीतरी अडकलंय, म्हणून दोघांचं बोलणं होत नाहीये. बाबा, पाण्यात पडला का?"

"छे! कालपासून देवघरापुढं होता. खंडेनवमीला पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, म्हणून हातसुद्धा लावला नाही."

मग मनू म्हणाली, "फोन आईकडं द्या."

चंद्रप्रभाबाईंनी पदराला हात पुसून फोन घेतला. सरांनी कान देऊन ऐकलं.

"हो, मीच केली पूजा. कॉम्प्युटर, कंपासपेटी, खडूचा डबा आणि तो पेनड्राइव्ह. हळदकुंकू ओलं करूनच लावतात की. कुठं लावलं म्हणजे? तोंडाला. पायाला लावू का? टोपण होतं गं, पण मी काढून ठेवलं. तोंड झाकलेल्याला कुंकू कसं लावायचं? तेच तर सकाळपासून सांगायलेय, कुणी ऐकेल तर शपथ!"

मनू काहीतरी म्हणाली.

"एक बोट नाही गं. अकरा." बाईंचा आवाज खाली आला. "तुझे बाबाच म्हणाले, सगळी पोरं आता यात आहेत. मग सणाच्या दिवशी एकाला लावायचं आणि दहाजणांना तसंच ठेवायचं होय? प्रत्येकाला एक एक बोट लावलं."

सरांनी पेनड्राइव्ह खिडकीपाशी उजेडात धरला. तोंडाच्या आत, सोनेरी पट्ट्यांवर, लालपिवळं वाळून घट्ट बसलं होतं. सकाळपासून त्यांनी तो वीस वेळा खोचला होता. आत एकदाही डोकावले नव्हते. रागवावं म्हणून त्यांनी बायकोकडं पाहिलं, पण राग काही येईना. डोळेच भरून आले.

पुढचं काम बाईंनी केलं. अगरबत्तीच्या काडीला कापसाची वात गुंडाळली, सरांच्या इन्सुलिनच्या वेळची स्पिरिटची बाटली काढली आणि निरांजन घासतात तसं अलगद पुसत राहिल्या. एक वात लाल झाली, दुसरी गुलाबी, तिसरी पांढरीच राहिली. पंख्याखाली अर्धा तास वाळवला. मग सरांनी श्वास रोखून खोचला.

निळा दिवा लुकलुकला.

"टेक्निकल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या आणि तोरण बांधायला निघून गेल्या.

मन्मथ येईपर्यंत सरांनी तीन प्रती केल्या. एक कॉम्प्युटरवर, एक मनूला धाडली, आणि एक, नाक मुठीत धरून, व्यंकटरावांच्या विंडोजवर. व्यंकटराव नुसते हसले, आणि ते जास्त झोंबलं.

मन्मथ आला, पाया पडला, पाणी प्याला. तोही त्या पत्र्याच्या शेडमधलाच. त्याची धाकटी बहीण त्या अकराजणांत होती. तो पडद्यासमोर बसून घुटमळला, मग म्हणाला, "सर, ते वयाचं उदाहरण हाय का ह्यात?"

"आहे की."

सरांनी पानं सरकवली. पडद्यावर उदाहरण आलं. मन्मथ चौदा वर्षांचा आहे. त्याची बहीण तनुजा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आहे. वीस वर्षांनी तनुजाचं वय किती होईल?

शेडमध्ये मन्मथनं हे उदाहरण सोडवलं नव्हतं. कोरी पाटी मांडीवर घेऊन बसून राहिला होता, आणि सरांनीही त्याला उत्तर विचारलं नव्हतं. आता त्यानं पडद्यावरच्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं.

"एकतीस, सर," तो म्हणाला.

ताळा कर, असं सर म्हणाले नाहीत. जन्मात पहिल्यांदाच.

चंद्रप्रभाबाई कुंकवाचा करंडा घेऊन दारात आल्या होत्या. सकाळच्या प्रकारानंतर पुढं यावं की नाही, असा त्यांचा चेहरा. सरांनी पेनड्राइव्ह काढला, त्याला टोपण घालून नीट दाबलं आणि तळहातावर ठेवून तो बाईंपुढं धरला.

"लाव," ते म्हणाले. "सगळ्यांना लाव."