क्लच स्लिप मारतोय

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोमाचं गॅरेज. गेल्या वर्षी तापात त्याचे दोन्ही कान गेले आणि त्याने शटर खाली ओढलं ते ओढलंच. गाडी म्हणजे आवाज, अशी त्याची आयुष्यभराची समजूत. कोपऱ्यावरून गाडी वळली की हा बसल्या जागेवरून सांगायचा, हिची चेन सैल आहे, हिचा व्हॉल्व्ह वाजतोय. आता मागे ट्रक हॉर्न देऊन देऊन थकला तरी पत्ता नाही. बायकोचे, अंजनाचे ओठ तेवढे त्याला वाचता यायचे. "इतकी वर्षं माझं तोंड चालू होतं, ते वाया नाही गेलं," असं अंजनाच म्हणायची.

शुक्रवारी सकाळी अंजनाची भाची वैष्णवी टेम्पोतून रेसची मोटरसायकल घेऊन दारात उतरली. बदलापूरच्या पुढे माळावर मातीवरच्या शर्यती होतात, त्यात ती उतरायची. गाडीचं कामही स्वतःच करायची.

"मावशी, काकांना सांग ना, क्लच स्लिप मारतोय. इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकत नाही. नवीन क्लच प्लेटा टाकल्या, ऑइल बदललं, केबल बघितली. तरी तेच. रविवारी रेस आहे."

अंजनाने ओठ मोठे करत सगळं सोमाला सांगितलं. तो हसला, पण कडू. "क्लच कानाने पकडायचा असतो. मी काय पकडणार?"

"बसून तरी बघा," अंजना म्हणाली. "गाडी चावत नाही."

पालेगावला नव्या टॉवरांपर्यंत रस्ता झालाय, पण माणसं अजून राहायला आलेली नाहीत. तिथे सोमा गाडीवर बसला. तापानंतर पहिल्यांदाच. किक मारली, आणि काहीच झालं नाही असं वाटलं. मग टाकीला लागलेले गुडघे थरथरले. इंजिन चालू होतं.

सुरुवातीला गाडी नीट ओढत होती. पण इंजिन तापलं, त्याने वरच्या गिअरमध्ये मूठ पिळली, आणि तळपायाखालची थरथर एकदम बारीक, घाईची झाली. माशी काचेवर आपटावी तशी. तो धक्क्यासाठी पुढे वाकून बसला होता. धक्का आलाच नाही. पाय सांगत होते इंजिन पळालं, पाठ सांगत होती गाडी आहे तिथेच. दोन्हींच्या मधे जे सांडत होतं, तोच क्लच.

सोमाच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं हा बिघाड त्याने कानाने ऐकला होता. तोच अंगालाही कळतो, हे तेव्हा कधी कळायची गरजच पडली नव्हती. त्याने मुद्दाम पुन्हा मूठ पिळली, पुन्हा. वैष्णवी हात हलवून थांबवत होती, हा लहान पोरासारखा फेऱ्या मारत राहिला.

परत आल्यावर शटर वर गेलं. ऑइल सांडू नये म्हणून गाडी डाव्या अंगावर आडवी घातली, कव्हर उघडलं. वैष्णवीच्या नव्या प्लेटा ठीक होत्या. पण त्यांच्या मधे एकाआड एक नुसत्या पोलादी चकत्या असतात, त्या तिने जुन्याच ठेवल्या होत्या. सोमाने एक बाहेर काढून उजेडात धरली. तापून पारव्याच्या मानेसारखी निळी झाली होती, आणि गुळगुळीत.

त्याने भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर ठेवला, त्यावर चकती ठेवली आणि कडेला बोट टेकवलं. सपाट चकती काचेवर हलत नाही; ही हलली.

"अगंबाई, वाजली!" अंजना म्हणाली.

सोमाने तिच्याकडे पाहिलंच नाही. एका बोटाने दाबायचं, समोरच्या कडेला दुसऱ्या बोटावर येणारी टिचकी घ्यायची. एकेक चकती तो तशी तपासत गेला. बहुतेक सगळ्या वाकल्या होत्या. केसाएवढं वाकडेपण, डोळ्याला दिसणारही नाही, आणि बोटाला डोंगराएवढं लागत होतं. प्लेटा दाबून धरणाऱ्या स्प्रिंगाही उष्णतेने बसल्या होत्या.

"गरम झालं की नव्या प्लेटा या चकत्यांवरून घसरतात," तो वैष्णवीला म्हणाला. "चकत्या आण, स्प्रिंगा पण. सेटच आण."

शेजारच्या शहरातल्या कॅम्प दोनमधल्या सिंधी पार्टवाल्याकडून ती दुपारपर्यंत घेऊन आली. प्लेटा तेलात मुरवल्या, एकेक करून बसवल्या. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले.

या वेळी पालेगावच्या रस्त्यावर इंजिन पुरतं तापवून सोमाने मूठ पिळली, तेव्हा गाडीने त्याला असं मागून ढकललं की पुढचं चाक उचललं गेलं. तो ओरडला. केवढ्याने, ते त्याला कळलं नाही. टॉवरांचा रखवालदार मात्र केबिनमधून धावत बाहेर आला.

रविवारी वैष्णवी तिसरी आली. क्लच शेवटपर्यंत टिकला. सोमा पूर्ण शर्यतभर लोखंडी कठड्याला छाती टेकवून उभा होता. गाड्या वळणावरून आल्या की कठडा त्याच्या फासळ्यांत गुरगुरायचा, आणि त्या गर्दीतून एक थरथर निराळी, सलग, कुठेही न तुटणारी यायची. धुळीत गाडी दिसायच्या आधीच तो अंजनाला म्हणायचा, "ही बघ, आपली आली."

 अंजनानेही कठड्यावर हात ठेवून पाहिला.