वाढदिवसाच्या टेबलावरचा झेंडा

मी एक झेंडा बोलतोय. पण मला पाहून कुणी छाती फुगवत नाही. मी जेमतेम दोन वीत उंच, टेबलावर ठेवायचा. आमच्या डेन्मार्कमध्ये घरात ज्याचा वाढदिवस असेल, त्याच्या बशीसमोर मला उभं करतात. एरवी माझा मुक्काम कपाटात, मेणबत्त्यांच्या शेजारी.

माझी काठी रिक्केच्या आजोबांनी घडवली. कापड विरलं, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, एस्बेनच्या आईनं नवं शिवून दिलं. म्हणजे मी दोन्ही घरांचा. याचा मला केवढा तोरा होता! पुढे तेच माझ्या मुळावर आलं.

रिक्के आणि एस्बेन वेगळे झाले. कोर्टाची पायरी चढायची नाही, मध्यस्थासमोर बसून काय ते ठरवायचं, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत होतं. मध्यस्थ बिर्गितबाईंच्या खोलीत घराचं मिटलं, गाडीचं मिटलं. लेक दाग्नी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे, हेही ठरलं. घोडं अडलं ते तिच्या वाढदिवसाच्या सकाळवर. आमच्याकडे घरच्यांनी झेंडा घेऊन, गाणं म्हणत मुलांना उठवायचं असतं. ती सकाळ सोडायला दोघंही तयार नव्हते, आणि मलाही.

"पुढच्या वेळी तो झेंडाच घेऊन या," बिर्गितबाई म्हणाल्या.

असा मी त्या टेबलावर आलो.

"काठी माझ्या आजोबांची आहे," रिक्के म्हणाली.

"मग ने की काठी! कापड माझ्या आईचं आहे, ते मी काढून घेतो."

"खुशाल घे. तसंही तिरकंच शिवलंय."

माणसं रागात काय काय तोडतील, काही नेम नाही.

बिर्गितबाईंनी दोघांना बोलू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "परवा मी दाग्नीशी बोलले. ती म्हणाली, यंदा माझा वाढदिवस नाही केला तरी चालेल."

दोघांचे चेहरे खर्रकन उतरले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतले पौल कॉफीची किटली न्यायला आत आले. त्यांनी मला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! अभिनंदन! कुणाचा वाढदिवस?" टेबलावर झेंडा दिसला की आमच्या माणसांना दुसरं काही सुचत नाही. उत्तराची वाट न बघता त्यांनी भसाड्या आवाजात गाणं सुरू केलं.

"अहो पौल, अहो थांबा!" बिर्गितबाई खुणावत होत्या. पण पौल कसले थांबतात! गाण्यात वाद्यं वाजवायची जागा आली. हवेतच वाजवायची असतात ती. आणि सवयीनं एस्बेनची बोटं ट्रम्पेटवर गेली, रिक्केचे हात ढोलावर. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. रिक्केला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"माझ्या वाढदिवसाला ट्रम्पेट मीच वाजवायला गेले," ती म्हणाली, "तर दाग्नी म्हणाली, ते बाबाचं काम आहे."

एस्बेननं नाक पुसलं. "यंदा सकाळ तुझ्याकडे. मी नुसता गायला येऊ? गाऊन झालं की जाईन."

"उपाशी नको जाऊस. पाव मी भाजते. कॉफी तेवढी तू कर, माझ्या कॉफीला नावं ठेवत बसशील."

पुढच्या वर्षी सकाळ त्याच्याकडे, गायला ती जाणार. बिर्गितबाईंनी तेही करारात घातलं. पौल मात्र ओशाळून निघून गेले. त्या भल्या माणसाला माझे आभार कुणीतरी पोचवा.

आता मी दाग्नीच्या पिशवीतून तिच्याबरोबर घरं बदलतो. कापड अजून तिरकंच आहे. तुमच्याही घरात वाटणीची वेळ आली, तर माझ्यासारख्याला मधे ओढण्याआधी लेकराला एकदा विचारा, एवढीच विनंती.

त्या सकाळचं सांगतो आणि थांबतो. रिक्के मला घेऊन दाग्नीच्या खोलीत शिरली आणि गाऊ लागली. दाग्नी हलली नाही. मी अगदी जवळून पाहत होतो. झोपलेल्या मुलीचे डोळे इतके घट्ट मिटलेले नसतात. मग दारातून एस्बेनचा आवाज आला, आणि तिनं डोळे उघडले.