घोंगडीखालचा चावा

मालाडच्या आमच्या इमारतीच्या आवारात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध धोंडूबुवा काळी घोंगडी पांघरून हडळीशी झुंजत होता. आतून गुरगुर, धडपड, किंचाळ्या. आमचा पाण्याचा पंपसुद्धा एवढा बोंबलत नाही. मग घोंगडी फेकून तो उठला आणि त्यानं डावा हात वर केला. मनगटाच्या वर दातांची लालभडक खूण!

"चावली! बारा वहिवाटीच्या देवा, ही हडळ कोणी सोडली, ता तूच दाखव!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी ओरडली.

बुवाचं बोट फिरत फिरत कमलवर येऊन थांबलं.

कमल माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून डबे करून पोट भरते. वरच्या मजल्यावरच्या राजेशच्या लेकीचा ताप उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर ह्यानं बुवा आणला.

"अमावास्येच्या आत हिनं खोली सोडली नाही," बुवा गरजला, "तर पोर हाती लागायची नाही!"

"कमलताई, समजून घ्या ना," राजेश म्हणाला. "थोडे दिवस गावाला जा."

"गावाला कोण आहे रे माझं?" कमलला रडू फुटलं. "ह्या खोलीशिवाय मला छप्पर नाही."

मला राहवेना. "राजेश, एसी हापिसात बसतोस आणि पोरीचं रक्त तपासायचं सोडून घोंगड्या बघत बसतोस?"

"काकू, चावा डोळ्यांना दिसतोय ना!"

दिसत होता, म्हणूनच खुपत होता. हडळीला अंग नाही, सावली नाही, मग दात तेवढे बरे असतात?

माझी नात गंधाली पार्ल्याच्या कॉलेजात जंतूंचं शिकते. ती कानाशी लागली. "आजी, चावणाऱ्याच्या तोंडातले जंतू चाव्यावर राहतात. बुवानं हात धुवायच्या आत मला ते हवेत."

मी लगेच पदर पसरला. "बुवा, ही हडळीची लाळ! नातीला कापसावर टिपू द्या. तुमच्या पराक्रमाची खूण जपून ठेवू!"

बुवानं छाती फुगवून हात पुढं केला. गंधालीनं निर्जंतुक कापूस फिरवून नळीत बंद केला. मग बुवा तोंडात पाणी खळखळवून लोकांच्या भांड्यांत चूळ टाकू लागला. हेच त्याचं तीर्थ, आणि लोक ते पीत होते! गंधालीची स्वच्छ डबी मी पुढं केली. कमलनंही घरी दुसऱ्या डबीत चूळ दिली.

दुसऱ्या दिवशी राजेशची बायको जान्हवी आणि मी पोरीला दवाखान्यात घेऊन गेलो. टायफॉइड निघाला. औषध लागू पडलं आणि ताप उतरू लागला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी कमलची खोली रिकामी झाली का ते बघायला बुवा हजर. पुन्हा गर्दी. गंधाली पुढं झाली.

"दातांच्या खुणेवर जाऊ नका, कातडी ताणते नि खूण फसवते. पण तोंडातल्या जंतूंचं वाण माणसागणिक वेगळं असतं. आमच्या सरांनी आणि मी ते वाढवून जुळवून पाहिलं. चाव्यातलं वाण बुवांच्या चुळीतल्या वाणाशी जुळलं. कमलमावशीचं एकही नाही. कोर्टात एवढ्यावर भागणार नाही, पण हडळीला पुरे."

बुवानं डावा हात पाठीमागं लपवला. "हडळ... माझ्या तोंडात शिरून चावली!"

"अरे मेल्या," मी म्हटलं, "स्वतःचे दात नव्हते म्हणून तुझे भाड्यानं घेतले काय?"

तरी कोणीतरी कुजबुजलं, "जंतू कोणी पाहिलेत?"

मग मीच उठले. बुवाची घोंगडी डोक्यावर ओढली, चार वेळा गुरगुरले आणि बाहेर आले ती हातावर ठसठशीत चावा घेऊन. माझे दात अजून शाबूत आहेत.

"घ्या! आता माझ्यासाठी कोणाची खोली खाली करता?"

आधी जान्हवी हसली, मग सगळं आवार. त्या हशात बुवा घोंगडी टाकून पसार झाला.

"कमलताई, चुकलो," राजेश पुटपुटला.

"हाकलायला आवाज फुटला होता ना?" मी म्हटलं. "आता तेवढ्याच मोठ्यानं म्हण."

तो म्हणाला. कमल खोलीत गेली, बांधलेलं बोचकं सोडलं आणि तवा ठेवला. अमावास्येला तिच्या भाकऱ्यांचा वास साऱ्या मजल्यावर होता.

बाबांनो, ताप आला तर रक्त तपासा. चावा दिसला तर दात शोधा. घोंगडीखालचा चमत्कार आधी स्वतः करून बघा, मग कोणा बाईकडे बोट दाखवा. ती घोंगडी आता माझ्या दारात पायपुसणं म्हणून पडली आहे.