वाया जाणारी पऱ्हाटी

अकोल्याच्या त्या तेल गिरणीतला कोळशाचा बॉयलर बंद झाला तो विपुलमुळे. गॅसची लाइन आली नव्हती, विजेवर वाफ करायला मालक तयार नव्हता. मग विपुलनेच अहवालात लिहिलं, वेचणीनंतर कपाशीची वाळकी झाडं, ती पऱ्हाटी, शेतात वाया जाते. तिच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे बाजारातला पांढरा कोळसा, जाळावा. भातकुलीच्या शेतकऱ्याचा इंजिनिअर पोरगा म्हणतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? आता दुसऱ्या बॉयलरसाठीही मालक त्याच्याच होकाराची वाट पाहत होता.

तेवढ्यात विपुल गावी आला. शेत हजामत केल्यासारखं साफ होतं.

"मशीन आली अन् सारी पऱ्हाटी घेऊन गेली," नत्थुजी, त्याचे वडील, खुशीत म्हणाले. "तुह्याच गिरणीसाठी."

विपुलला शेजारची पार्वताबाई आठवली. दरवर्षी ती हे शेत फुकट उपटून द्यायची आणि पऱ्हाटी घरी न्यायची. तिचं वर्षाचं सरपण तेच. रीतच होती ती, लहानपणापासून त्याच्या डोळ्यांसमोरची. पण शिकलेल्या माणसाला जगाचा धूर दिसतो, शेजारची चूल तेवढी दिसत नाही.

तो तिच्याकडे गेला. कोपऱ्यातल्या रिकाम्या सिलिंडरवर तिने कपडे वाळत घातले होते.

"बस बापू, चा मांडतो."

"नको माय, आताच घेतला."

"काहून? माह्या घरचा चा आता चालत नाई का तुले?"

विपुल चुलीजवळ बसला. ती मागच्या दारी गेली. कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. परतली तेव्हा तिच्या हातात बाजेचे दोन पाय होते. शाळेतून आला की विपुल याच बाजेवर झोपायचा.

"खालीच झोपतो आता," ती फुंकर घालत म्हणाली. "तुहा बाप सांगत होता, गिरणीत तुहं लय नाव झालं. बरं वाटलं बाप्पा."

विपुलला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. दुसऱ्या बॉयलरचं काय करायचं, एवढंच मालकाला ऐकायचं होतं. पुन्हा कोळसा म्हणायची त्याची छाती नव्हती आणि तिसरं काही हाताशी नव्हतं.

"हो, तेच लावा," तो म्हणाला.

चहा अजून उकळला नव्हता. पार्वताबाईने बाजेचा दुसरा पाय चुलीत सरकवला.