तुझा मॉब कुठला?

ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या मुलखात मॉब म्हटल्याशिवाय पान हलत नाही. मेंढ्यांचा मॉब, कांगारूंचा मॉब, आज फुटबॉलच्या मैदानावर लोटलेला मॉब, तव्यावर चरचरणाऱ्या सॉसेजेसचासुद्धा मॉबच! पण "तुझा मॉब कुठला?" असं टलीशाच्या आजीने, व्हर्ली नॅनने, विचारलं की चेष्टा संपली. मग ती तुमची आजी, पणजी आणि त्यांची नदी खणून काढणार.

टलीशाला आज त्याच प्रश्नाची धास्ती होती. आवडलेला मुलगा नॅनपुढे न्यायचा आणि नॅनने "हा तुझा भाऊ लागतो" म्हणून निकाल द्यायचा, असं दोनदा झालं होतं. भाऊ लांबचा असला तरी त्यांच्या आदिवासी समाजात भाऊ तो भाऊच. आणि डार्नेल तर तिला जिवापाड आवडला होता.

नॅन मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत ऐसपैस बसली होती.

"कुठला रे तुझा मॉब?" तिने डार्नेलला न्याहाळत विचारलं.

"आईची माणसं ब्रेवारिनाची, नॅन. वडिलांकडून मी घोडेवाल्या क्लॅरीचा नातू."

"क्लॅरीचा? मग संपलंच! क्लॅरी माझा भाऊ लागतो. सतरा वर्षांची होते. त्याच्याबरोबर नाचत होते, तर माझ्या आजीने दंडाला धरून फरफटत घरी नेलं. 'भाऊ आहे तो तुझा,' म्हणाली."

टलीशाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डार्नेल मात्र सॉसेजच्या रांगेकडे पळाला आणि एका उंच म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला.

"कोण भाऊ?" क्लॅरीने हॅट काढली. "व्हर्ली, आम्ही पार क्वीन्सलँडहून गुरं हाकत आलेलो. तुमच्याशी आमचं ना रक्ताचं नातं, ना सोयरिकीचं. तुझ्या आजीला ते पक्कं ठाऊक होतं. तिला मी नको होतो, एवढंच."

"मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस, बावळटा?"

"म्हातारीच्या हातात काठी होती!"

आजीच्या शब्दावर नॅनने तेव्हा विश्वास ठेवला होता, ते नातं कधी पडताळलंच नव्हतं. आता तिने बोटांवर त्याचे आजे-पणजे लावून पाहिले. पुन्हा लावले. कुठेच जुळेना. मग ती अशी खदखदून हसली की चहा मांडीवर सांडला.

"म्हातारीने गंडवलं गं मला! पन्नास वर्षं याला भाऊ म्हणतेय मी!"

टलीशाचा जीव भांड्यात पडला. तिने सगळ्यांदेखत डार्नेलचा हात धरला; पण नॅनचं लक्षच नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली ती बाई हातांनी केस सारखे करत होती. आता एकटाच राहणाऱ्या क्लॅरीने शेजारची खुर्ची ओढली.

"तुम्ही दोघं काय बघत उभे राहिलात?" नॅन खेकसली. "जा, मॅच बघा! आणि हाक मारल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही."