निळं दूध

दुधात निळ्या रंगाचा थेंब पडला की तो लगेच पसरत नाही. आधी सायीवर गोल टिकून राहतो, मग त्याच्या कडांना बारीक मुळ्या फुटतात, आणि त्या खाली उतरल्या की सगळी टाकी आजारी माणसाच्या ओठांसारखी दिसू लागते. डेअरीतल्या तपासनीस बाईंनी हे इतक्यांदा पाहिलं होतं की दूध नुसतं पांढरं दिसलं तरी त्यांना शिसारी यायची.

दुधाचा भाव पडू नये म्हणून सरकारने कोटा ठरवून दिला होता. पहिली टाकी भरली की कोटा संपला. मागून आलेलं दूध दुसऱ्या टाकीत. ते कुणी चोरून विकू नये म्हणून त्यात निळा रंग, आणि मग गटार. भाव पडला नाही, हे खरं. तो चढतच गेला, आणि पिशवीतल्या दुधात पावडर नि पाणी वाढत गेलं.

"एवढे पैसे मोजून हे धुवण आणलंस?" बाईंच्या सासूबाई पिशवी हुंगून म्हणायच्या. "मांजरीला दिलं, तर ती माझ्याकडेच अशी बघायला लागली, जणू पाणी मीच घातलंय!"

पहिली टाकी कुणाची? आधी पोचेल त्याची. म्हणून लोक कॅन न विसळता, धारेचं कोमट दूध तसंच घेऊन धावत सुटायचे. बाईंचा थोरला भाऊ मात्र कॅन उकळत्या पाण्याने धुवायचा, दूध गार करायचा आणि मगच निघायचा. साहजिकच त्याचं दूध रोज निळं व्हायचं.

"दादा, जरा लवकर येत जा ना."

"शेणाच्या हातांनी आलो तर पहिला नंबर माझाच," तो हसायचा. "पण मग तूच नाक मुरडशील."

पहिली टाकी नापास ठरली तर दुसरीला तिची जागा द्यायची, असा नियम होता. नापास करण्यासारखी ती कितीदा तरी निघाली होती. पण दुसरीत भावाचं दूध. बाईंनी तोंड उघडलं असतं तर बहिणीने भावाची सोय लावली म्हणून गावभर झालं असतं. हात दाखवून अवलक्षण कोण करणार? उद्या बघू, असं म्हणत त्या सही करत राहिल्या.

त्या सकाळी पहिल्या टाकीचं झाकण उघडताच आंबूस भपकारा आला. सायीवर गवताची काडी आणि माशी शेजारी शेजारी तरंगत होती. बाईंनी नळीत दूध घेतलं, तेवढंच अल्कोहोल घालून हलवलं. काचेला नासलेल्या दुधाची पांढरी कणी चिकटली.

"फेस आहे तो," व्यवस्थापक मागून म्हणाले. "आंबटपणा मारायला थोडा सोडा टाकू, पावडर आहेच. करा सही."

"साहेब, फेस विरतो. हे विरत नाहीये."

तेवढ्यात त्यांना दारात दादा दिसला. इतक्या लवकर! बाहीला शेण, पायाशी रिकामा कॅन, आत कालच्या दुधाची पिवळी कड.

"आज पहिला नंबर माझा," तो म्हणाला, पण हसला नाही. "तुझी वहिनी म्हणाली, स्वच्छता गटाराला पाजण्यापेक्षा घाण माणसांना पाजा. पैसे तरी मिळतील."

"बघा," व्यवस्थापकांना जोर चढला, "आता तर तुमच्या दादांचंही दूध आहे यात. एवढ्या महिन्यांनी बिचाऱ्यांचा नंबर लागला. त्यांच्या पोटावर पाय देणार का?"

दादाने मान खाली घातली. तो बाहीवरचं शेण नखाने खरवडत राहिला.

बाईंनी नळी उजेडात धरली. आता भावाची सोय लावली असं कुणी म्हणणार नव्हतं. बोलायला हाच दिवस मिळावा, याचीही त्यांना किळस आली. त्यांनी निळ्या रंगाची बाटली उचलली आणि बाहेर रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पहिली टाकी नापास."