एक्केचाळीस लिटर

म्हाताऱ्याच्या धाकट्या लेकीला जुळे झाले त्या वर्षीची गोष्ट. त्याच्या सुनेने शाळेत संगणकाचे बटण दाबले आणि वर्गाच्या भिंतीवर निळे ठिपके उमटले. शेवटच्या बाकावर म्हातारा काठी गुडघ्यांत धरून बसला होता. ते ठिपके त्याचे होते. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, भिंतीतून एका मिनिटात किती लिटर पाणी झिरपते, ते एकवीस वर्षे त्याच्या वहीत रोज लिहिले जात होते. मुले त्याला लिटरआजोबा म्हणत.

“ठिपक्यांमधून रेघ काढायची,” सून म्हणाली. गणित तीच शिकवायची. “रेघ नीट बसली की पुढच्या वर्षांचं पाणी आजच सांगता येतं.”

एक ठिपका वर एकटाच लोंबत होता.

“आजोबा, हे एकतीस कसं हो?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले.

“तेरा असेल ते. चाळिशीत आकडे शिकलो, बाळ. सुरुवातीला उलटे पडायचे.”

वर्ग हसला. तोही हसला. मुलीने ठिपका पुसला आणि रेघ भिंतीच्या टोकापर्यंत सरळ गेली. तेरा, चौदा, फार तर पंधरा.

“चाळीस वर्षं काळजी नाही,” सून म्हणाली. “धरणाच्या साहेबांनी हाच आलेख मागवलाय, बाबा. यंदा तलाव काठोकाठ भरायचं चाललंय.”

म्हाताऱ्याचे हसू ओठांवरच वाळले. खिडकीत धरणाची भिंत होती. शाळा तिच्या पायथ्याशीच होती.

बोगद्याला एकशे ऐंशी पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्याने एक दिवस कालचाच आकडा लिहिला. मग अंगवळणी पडले. वर चौकीतल्या खुर्चीत बसून कधी तेरा, कधी चौदा. कुणाला शंका नको म्हणून मध्येच एखादा पंधरा.

संध्याकाळी जेवताना त्याने विचारले, “सूनबाई, वेगळा पडलेला ठिपका पुसायचाच असतो का?”

“चूक असेल तर.”

“चूक आहे हे कळतं कसं?”

“बाकीच्यांकडे बघून. काय झालं, बाबा? ताट तसंच आहे.”

“उद्या सांगतो.”

टेबलाला धरून तो दोनदा उठायला गेला, तिसऱ्यांदा उठला. सून बघत राहिली.

सकाळी तो बोगद्यात उतरला. पाणी दिसण्याआधी ऐकू आले. वीस लिटरचा डबा मिनिटभरात दोनदा भरला आणि वर उरले. त्याने तीनदा मोजले. वहीत ४१ लिहिले आणि बराच वेळ त्याकडे पाहिले. मग शेजारी सावकाश अक्षरेही काढली: एक्केचाळीस. वही सदऱ्यात खोचून तो पायऱ्यांकडे वळला.

दुपारच्या तासाला धरणाचा चौकीदार वर्गाच्या दारात आला. त्याच्या हातात वही होती.

“बाई, आजोबा पायऱ्यांवर पडलेत. गाडी आणलीय, चला.”

“शुद्धीवर आहेत?”

त्याने वही पुढे केली.

सुनेने वही घेतली, शेवटचे पान उघडले आणि उभ्यानेच आकडा संगणकात भरला. भिंतीवर ठिपका पार वर जाऊन बसला.

“बाई, चौदा असेल,” पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. “उलटं पडलंय. पुसू?”

सुनेने अक्षरांवरून बोट फिरवले.

“तो राहू दे. गेल्या दोन वर्षांचे बाकीचे पूस.”

“सगळे?”

“दोन वर्षांत ते आमच्या घरचा जिना चढले नाहीत. मी बघत होते.”

ठिपके गेले. रेघ वाकली, भिंत ओलांडून छताकडे चढली.

“साहेबांना फोन लाव,” ती चौकीदाराला म्हणाली. “तलावाचं पाणी उतरवायला सांग. मुलांनो, ओळीने बाहेर पडा आणि टेकडीकडे चला. दप्तरं राहू द्या.”

लिटरआजोबा वारले ते त्याच दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, वर येताना एकशे बाराव्या पायरीवर.